नियम एकच, मग निकाल दोन का?



सॉफ्टबॉलचा सामना पाहताना एक प्रश्न हमखास ऐकू येतो. चेंडू तर सरळ होता, मग पंचांनी 'बॉल' का दिला? याचे उत्तर बहुधा पिचरच्या पायांत असते.

पिचरने पिचर प्लेटवर उभे राहून, दोन्ही हात एकत्र आणून प्रथम पूर्ण स्थिर व्हायचे असते. मग चेंडू खालून, कमरेजवळून सोडायचा आणि जोर प्लेटवरूनच घ्यायचा. काही खेळाडू पुढे उडी मारतात, पाय जमिनीवर टेकवतात आणि तेथून दुसऱ्यांदा जोर लावतात. हे नियमबाह्य आहे. महिलांच्या सामन्यात पिचर प्लेट ते होम प्लेट हे अंतर 43 फूट असते. त्यातले दोन-तीन फूट उडीने खाल्ले, की बॅटरला विचार करायला मिळणारा वेळ कमी होतो. म्हणून अशा चेंडूला 'बॉल' देतात. असे चार झाले की बॅटरला पहिला बेस मिळतो.

अडचण नियमाची नाही, अंमलबजावणीची आहे. चौदा वर्षांखालील गटात एखादे पंच 'लहान आहेत, जाऊ द्या' म्हणतात. पुढच्या फेरीत दुसरे पंच तीच उडी पकडतात, तीही शेवटच्या डावात! मुलगी गोंधळते, पालकांना पक्षपात वाटतो. खरी चूक मात्र पहिल्या मैदानावर झालेली असते.

आपल्या हैदराबादचा फिरकी गोलंदाज प्रज्ञान ओझा आठवा. 24 कसोटी सामने आणि 113 बळी नावावर असताना डिसेंबर 2014 मध्ये त्याची गोलंदाजीची शैली सदोष ठरली आणि गोलंदाजी थांबवावी लागली. शैली सुधारून तो 2015 च्या सुरुवातीला परतला. पण मुरलेली सवय मोडणे किती कठीण! तेच बाराव्या वर्षी कोणी सांगितले तर आठवड्याभरात जमते.

म्हणून पंचांनी सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना काय पाहणार ते सांगावे आणि पहिल्या चेंडूपासून तसेच वागावे. आम्ही शिक्षकांनीही सरावात डोळेझाक करू नये. पालकांनी सीमेबाहेरून ओरडण्याऐवजी नियम समजून घ्यावा. विश्वस्तांनी शिक्षकांना पंच-प्रशिक्षणास पाठवले, तर मोठेच काम होईल.

आज मिळालेला एक 'बॉल' उद्याची मोठी निराशा टाळतो, हे मुलींनो, लक्षात ठेवा.