करडईची निळी भावकी

सकाळी साडेसहा. जानेवारीत म्हैसूरला पहाटे स्वेटर काढावा लागतो, पारा पंधरा-सोळावर असतो. युरोपातल्या कॉर्नफ्लॉवरला एवढ्या थंडीत भागवून घ्यावं लागतं, आणि तो भागवतो. पाणी आत्ताच द्यायचं, तेही बुंध्याशी. पानांवर पाइप सोडून मोकळं होणाऱ्यांच्या वाफ्यात रोग लवकर शिरतो.

सात. सुकलेली फुलं खुडायची. कंटाळवाणं काम, पण टाळलं तर झाड बी धरतं आणि फुलायचं थांबवतं.

आठ. बागेत मदतीला येणाऱ्या बाईंचा रोजचा प्रश्न: "अक्का, शेणखत घालू का थोडं?" रोज नाही म्हणते. शेजारच्या गुलाबाला हवं तेवढं घाला, याला नको. पोसलेल्या मातीत याचे दांडे लुसलुशीत होऊन आडवे पडतात. मुळात हे युरोपातल्या गव्हाच्या शेतातलं तण, आणि कुळानं आपल्या करडईचं जवळचं नातलग. सोलापूर-मराठवाड्यात करडई जशी जमिनीतल्या ओलीवर वाढते, तशीच याचीही वृत्ती. कळी उलटी करून पाहा: खवल्यांची तीच उतरंड, फक्त करडईचे काटे इथे नाहीत, काळसर झालर आहे.

दहा. ऊन चढलं की मधमाश्या येतात आणि मी हातातलं काम टाकते. कडेची मोठी कर्ण्यासारखी फुलं वांझ, निव्वळ जाहिरात. खरा कारभार मधल्या बारीक फुलांचा. मधमाशीचा पाय लागला की पुंकेसरांचे तंतू आखडतात आणि नळीतून पराग वर ढकलला जातो. ताज्या फुलावर केसातली पिन हळूच टेकवली तरी हे दिसतं. शाळेत लाजाळू दाखवतात. हेही दाखवायला हवं.

आणि तो निळा रंग! रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांनी दाखवलं, की या निळ्या फुलात आणि लाल गुलाबात रंगद्रव्य एकच आहे. इथे ते लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमशी बांधलेलं असतं, म्हणून निळं. त्या बांधणीचा नेमका आराखडा जपानी संशोधकांनी 2005 मध्ये मांडला. माझ्याकडे गुलाब आणि कॉर्नफ्लॉवर हातभर अंतरावर आहेत.

साडेअकरा. देवराज मार्केट. मोगरा, शेवंती, झेंडू यांचे ढीग, पण कॉर्नफ्लॉवर कुणी विकत नाही. वास नाही, वेणीत शोभत नाही, असं फूलवाल्या सांगतात. तूतनखामेनच्या थडग्यातल्या माळांत मात्र याच्याच एका जवळच्या जातीचं फूल ओवलेलं सापडलं, आणि त्याच्या बहराच्या हंगामावरून अभ्यासकांनी दफनाचा महिना ताडला.

दुपार. काही नाही. उन्हात वाफ्याला हात लावायचा नसतो.

चार. नॅपवीडची कुंडी. कॉर्नफ्लॉवरची ही बहुवर्षायू भावंडं. त्यांना खरा हिवाळा लागतो, तो म्हैसूरला नाही. पानं येतात, फुलांचं नाव नाही. माझं मत विचाराल तर त्यांचा नाद सोडावा. उत्तर अमेरिकेत एका नॅपवीडनं कुरणंच्या कुरणं व्यापली आहेत, तेव्हा इथे ही फुलत नाहीत याचं फार वाईटही वाटून घेऊ नये. जांभळी गोंडेदार फुलंच हवी असतील तर पावसाळ्यानंतर सह्याद्रीत ब्रह्मदंडी पाहावी. तीही याच गोतावळ्यातली.

साडेपाच. पिकलेली बोंडं कागदाच्या पाकिटात भरते. उशीर झाला तर मुंग्या बी पळवतात. बियांच्या टोकाला त्यांच्यासाठी खाऊच असतो.

बी हवं असेल तर दसऱ्याला मागू नका. कुप्पण्णा पार्कातलं पुष्पप्रदर्शन पाहून आलं की लगेच पेरायचा मोह होतो, पण ऑक्टोबरचा पाऊस बी कुजवतो. दिवाळीनंतर थेट जमिनीत टाका, कारण सोटमूळ असल्यानं रोप हलवलेलं त्याला सोसत नाही. वर सेंटिमीटरभर माती हवी, अंधारात बी चांगलं उगवतं. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा, रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. आणि शेणखताची पाटी गुलाबाकडे वळवा.