अनुमानाची पारख

व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षांत एक प्रश्नप्रकार असा आहे कीं, तेथें पाठांतर मुळींच उपयोगीं पडत नाहीं. चारपांच ओळींचा एक युक्तिवाद पुढें ठेवून विचारतात : यांत काय गृहीत धरलें आहे? कोणत्या विधानानें हा युक्तिवाद दुबळा होईल? जीमॅट या जागतिक परीक्षेच्या भाषाविभागांत सध्यां ४५ मिनिटांत २३ प्रश्न सोडवावे लागतात. उताऱ्यांवरील प्रश्न वगळतां बाकीचे सारे या जातीचे. एकेका प्रश्नास दोन मिनिटेंहि धड मिळत नाहींत.

उदाहरण घरचेंच घेऊं. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला. २०१८ सालीं नीति आयोगानें आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तींत महाराष्ट्रांतून नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) यांच्यासमवेत वाशीमचें नांव आलें. आतां एकादा परीक्षक असा काल्पनिक युक्तिवाद रचील : ‘एका मागास जिल्ह्याची विशेष योजनेसाठीं निवड झाली. पुढील तीन वर्षांत दवाखान्यांत होणाऱ्या प्रसूतींचें प्रमाण वाढलें. सबब ही वाढ योजनेमुळें झाली.’

वाशीमचा विद्यार्थी बहुधा येथेंच अडखळेल, कारण त्याला जिल्हा ठाऊक असतो! मानोऱ्याकडील एकादें आडवळणी गांव त्याच्या डोळ्यांपुढें येतें आणि ‘हे आंकडे खरे कशावरून?’ असें तो मनाशीं म्हणतो. व्यवहारांत ही शंका रास्त. परीक्षेंत मात्र दिलेलीं विधानें खरींच मानावयाचीं असतात. वाद घालावयाचा तो विधानांशीं नव्हे, तर त्यांवरून काढलेल्या निष्कर्षाशीं. तो निष्कर्ष कोणता, हें ओळखण्यास आपली मराठीच कामीं येते. प्रत्येक वाक्यामागें ‘म्हणून’ लावून पाहावें. जेथें तें बसतें, तेथें निष्कर्ष.

पर्याय असे समजा. एक : जिल्ह्यांतील बहुतेक लोक शेती करतात. दोन : योजनेवर पुष्कळ खर्च झाला. तीन : निवड न झालेल्या शेजारच्या जिल्ह्यांतहि त्याच काळांत तितकीच वाढ झाली. चार : कांहीं गांवांस अद्यापि दवाखाना नाहीं. पहिला अप्रस्तुत आहे. चौथा मनाला भिडतो. परंतु सर्वत्र सोय झाली असें मूळ लेखकानें कोठें म्हटलें आहे? खर्च झाला म्हणजे फळ मिळालेंच असें नाहीं, आणि या पर्यायानें युक्तिवाद दुबळा तर होतच नाहीं. उरला तिसरा. योजनेवांचूनहि वाढ होत असेल, तर योजनेकडे श्रेय जाण्यास दुसरा आधार हवा. येथें युक्तिवाद खोटा ठरला नाहीं, फक्त लटका पडला. एवढेंच विचारलें होतें.

आपल्या नैयायिकांनीं याला ‘उपाधि’ हें नांव दिलें आहे. जेथें अग्नि तेथें धूर, असें कोणी म्हणाल्यास ते तापलेला लोखंडी गोळा दाखवीत : अग्नि आहे, धूर नाहीं. धूर येतो तो ओल्या सरपणामुळें. वरील उदाहरणांत हें ओलें सरपण शोधावयाचें असतें. रस्ते, रुग्णवाहिका, दुसरी एकादी योजना, कांहींहि असूं शकेल.

गृहीत विचारलें असल्यास युक्ति निराळी. पर्याय उलटा करून वाचावा. ‘ही वाढ दुसऱ्या कारणानें झालेली नाहीं’ याच्या उलट ‘ती दुसऱ्याच कारणानें झाली’ असें म्हणतांच सारा युक्तिवाद कोसळतो, तेंच गृहीत.

आणखी एक फसवणूक. या योजनेंत जिल्ह्यांचा क्रम त्यांच्या सुधारणेच्या वेगावरहि लावीत. चाळिसांवरून साठांवर आलेला जिल्हा त्या यादींत पहिला येईल आणि ऐंशींवरून ब्यायशींवर गेलेला मागें पडेल. पहिल्या जिल्ह्यांतील दवाखाने दुसऱ्यापेक्षां चांगले, असा निष्कर्ष वृत्तपत्र वाचणारा सहज काढतो, आणि पुढें मदतीची गरज कोणाला अधिक हें ठरवितांना तोच निष्कर्ष पुढें करतो. वाशीमच्या विद्यार्थ्यानें अशी एक बातमी रोज घ्यावी, निष्कर्षाखालीं रेघ ओढावी आणि कच्चा दुवा कोठें आहे तें स्वतःच्या शब्दांत एका ओळींत लिहावें. परीक्षेंतहि पर्यायांवर नजर टाकण्यापूर्वीं हेंच करावयाचें असतें.