रिमोटचा पंखा : काही रूढ गैरसमज

रिमोटवर चालणारा छताचा पंखा हुकूम मानीनासा झाला, की तो कायमचा निकामी झाल्याचा निवाडा देऊन नव्या पंख्याच्या खरेदीची तजवीज करण्याकडे पुष्कळांची प्रवृत्ती असते. वस्तुतः भिंतीवरचे बटण बंद करून मिनिटभराने पुन्हा लावल्यावर पंखा फिरू लागत असेल, तर त्याच्याविरुद्धची तक्रार बहुधा निराधार ठरते आणि चौकशी रिमोटकडे वळवावी लागते. अर्धवट उतरलेले सेल किंवा त्यांच्या स्प्रिंगवर साचलेला पांढुरका क्षार ही कारणे इतकी क्षुल्लक, की त्यांचा संशयच कोणास येत नाही. रिमोटमधून निघणारे अवरक्त किरण डोळ्यांना अगोचर असले, तरी मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर त्याचे टोक धरून बटण दाबले असता पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकतो (मागच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा हे किरण गाळले जातात, सबब पुढचाच वापरावा). ठिपका न दिसल्यास मात्र रिमोटला लगेच दोषी धरू नये. कारण काही पंखे रेडिओलहरींवर चालतात आणि त्यांच्या रिमोटमधून असा प्रकाश निघतच नाही.

पंखा मंदावला की कंडेन्सर बदलावा, हा वायरमन मंडळींचा पिढीजात तोडगा साध्या पंख्याच्या बाबतीत अगदी यथार्थ आहे, परंतु बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरच्या) पंख्याच्या फिरत्या भागात स्थायी चुंबक असून त्याच्या वेटोळ्यांना आळीपाळीने प्रवाह पुरविण्याचे काम इलेक्ट्रॉनिक बोर्ड करीत असल्यामुळे तो कंडेन्सर तेथे मुळातच नसतो. बिघडतो तो बहुधा बोर्ड, आणि तोही त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा मिळवावा लागतो. तथापि रिमोट आहे म्हणजे पंखा बीएलडीसीच, ही समजूतही खोटी, कारण साध्या पंख्याला निराळा रिमोट-संच जोडलेला असू शकतो आणि त्यात कंडेन्सर असतोच. खातरजमा करायची, तर लेबल वाचावे : 1200 मिलिमीटरचा साधा पंखा 70 ते 80 वॅट खातो, बीएलडीसी साधारण 28 ते 35.

सर्वांत अपायकारक गैरसमज रेग्युलेटरचा. रिमोटबरोबर जुना रेग्युलेटरही राहू दिला, तर वेगावर दुहेरी ताबा मिळेल, अशी भाबडी कल्पना असते. परंतु इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लहर मध्येच छाटतो आणि ती छाटलेली लहर बोर्डाला मानवत नाही. नवा पंखा बसविताना रेग्युलेटर मार्गातून वगळून तार सरळ बटणाला जोडून घ्यावी.

रिमोटने बंद केलेला पंखा विजेपासून मुक्त झाला, असेही समजू नये. बोर्ड हुकमाची वाट पाहत जागाच असतो, म्हणून शिडीवर चढण्यापूर्वी एमसीबी पाडणे अनिवार्य आहे. पंखा बदलताना हुकावर अडकणाऱ्या रबरी रिळाला तडे गेलेले नाहीत ना आणि बोल्टाच्या टोकाची दुभंगी पिन दोन्ही पाय फाकवून बसवली आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. कारागीर घाईत असला, की नेमकी तीच पिन खिशात राहते. जुनी पाती चांगली दिसतात म्हणून नव्या पंख्याला लावण्याची काटकसर करू नये, कारण पात्यांचा संच वजन जुळवून बनविलेला असतो आणि तो मोडला की पंखा डगमगू लागतो.