बेंगळुरूचे कब्बन पार्क : फिरायला निघण्यापूर्वी

स्थापना : १८७०. आखणी म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांची. प्रारंभी सुमारे १०० एकर, पुढे विस्तार सुमारे ३०० एकरांपर्यंत.

नावे : आधी मीड्स पार्क, मग १८३४ ते १८६१ या काळात म्हैसूरचे कमिशनर असलेल्या मार्क कब्बन यांच्यावरून कब्बन पार्क. १९२७ पासून अधिकृत नाव श्री चामराजेंद्र उद्यान. लोकांच्या तोंडी मात्र कब्बनच.

आत आणि काठावर : लाल रंगाची अठरा कचेरी (१८६८), आज उच्च न्यायालय. समोर विधान सौध (१९५६). दिवाण शेषाद्री अय्यर स्मारक सभागृह (१९१५) म्हणजे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. गुलाबांच्या ताटव्यांमागची ही तांबडी इमारत चुकवू नये. कस्तुरबा रोडवर सरकारी संग्रहालय, जुन्या संग्रहालयांपैकी एक (स्थापना १८६५), आणि शेजारी विश्वेश्वरय्या संग्रहालय. महात्मा गांधी रोड हा पूर्वीचा साउथ परेड, १८०९ पासूनच्या छावणीच्या कवायत मैदानालगतचा रस्ता.

लालबाग वेगळी : ती वनस्पती उद्यान, आरंभ हैदर अलीचा, १७६० मध्ये. काचघराची पायाभरणी १८८९. आतला खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा.

मराठी धागा : १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत. मल्लेश्वरमचे काडू मल्लेश्वर मंदिर त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्याशी जोडलेले. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि म्हैसूरचे राजे चिक्कदेवराज वडियार यांना ३ लाख रुपयांना दिले.