जुनी पिकअप, वाळवंटी साज : खरी परीक्षा कापडाची

सौदी अरब, कुवेत, संयुक्त अरब अमिराती या देशांत जुन्या पिकअप गाड्या नव्याने उभ्या करण्याची हौस असलेले मालक पुष्कळ आहेत. गाडी बाहेरून होती तशी करायची आणि आतून तिला वाळवंटी साज चढवायचा, अशी ही आवड आहे. या कामाला फिटर, डेंटर, पेंटर, वायरमन आणि हूड-कुशनवाले असे अनेक हात लागतात. आपल्या रत्नागिरी-रायगडकडील पुष्कळ मंडळी आखातातील गॅरेजांत हीच कामे करीत आली आहेत. म्हणून या कामाची माहिती आपल्या कारागीर व व्यापारी बंधूंना उपयोगी पडेल.

आमचा धंदा कापडाचा. त्यामुळे इंजिनाबद्दल थोडक्यात आणि कापडाबद्दल सविस्तर लिहीत आहोत. हे काम पाहिले असता आमचे मत असे झाले आहे, की गाडी चालते ती फिटरच्या हुन्नरावर, पण मालक समाधानी राहतो की दोन वर्षांनी तक्रार घेऊन येतो, हे बहुतेक वेळा कापड आणि कुशन यांवर ठरते.

गाडी कोणती आणि का?

आखातात या हौसेसाठी सर्वांत मानाची गाडी म्हणजे टोयोटा लँड क्रूझरची 40 मालिका. ही मालिका 1960 साली आली आणि जपानमध्ये 1984 पर्यंत बनत राहिली. तिच्यातील 45 या आकड्याची लांब गाडी पिकअप म्हणून वापरली जाई. सुरुवातीच्या गाड्यांना 3.9 लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. 1975 च्या सुमारास त्याच्या जागी 4.2 लिटरचे आले. डिझेलची गाडीही मिळत असे. सौदी अरबमध्ये टोयोटाचा व्यापार 1955 पासून चालू होता, म्हणून ही गाडी तिकडे गावोगावी पोहोचली. सौदी व कुवेतच्या बोलीत पिकअपला 'वानेत' म्हणतात.

बदू लोकांचे पाणी, चारा, शेळ्या-मेंढ्या पूर्वी उंटावर वाहिल्या जात, त्या पुढे पिकअपवर आल्या. सीरिया व लेबनॉनमधील बदूंच्या या बदलावर डॉन चॅटी या अभ्यासक बाईंनी 1986 साली एक पुस्तकच लिहिले. त्याचे नाव 'फ्रॉम कॅमल टू ट्रक', म्हणजे उंटाकडून ट्रककडे. उंटाच्या पाठीवर जे विणलेले कापड शोभत होते ते पिकअपच्या सीटवर यावे, ही कल्पना म्हणूनच तिथल्या माणसाला परकी वाटत नाही.

आधी पत्रा, मग साज

वाळवंटातील गाडी गंजत नाही, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. रियाधसारख्या आतल्या कोरड्या मुलखातील गाडीचा पत्रा पुष्कळदा चांगला मिळतो. पण जेद्दा, दम्माम, दुबई, कुवेत ही किनाऱ्यावरची शहरे आहेत. तिथली हवा दमट आणि खारट असते. किनाऱ्यावरची गाडी घेताना चेसिसच्या पट्ट्या, बॉडी जिथे चेसिसवर बसते ते सांधे, दरवाजांचा खालचा काठ आणि मॅट उचलून पायाखालचा पत्रा पाहिलाच पाहिजे. चुंबक सोबत ठेवावा. जाड पुट्टी भरलेल्या जागी तो धरत नाही.

गाडी सोडवताना प्रत्येक भागाचा फोटो काढावा आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठी लावून ठेवावेत. जुना रंग काढण्यासाठी वाळूचा जोरदार मारा चेसिसला चालतो, पण बॉनेट व दरवाजांचा पातळ पत्रा त्याने वाकडा होतो. तिथे हलका मारा किंवा रंग काढण्याचे औषध वापरावे. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करावा. वरून पुट्टी भरून झाकलेला गंज आतून चालूच राहतो. वेल्डिंग, रंग, वायरिंग आणि ब्रेक यांची सर्व कामे पुरी झाल्याशिवाय आतील कापडाला हात लावू नये. वेल्डिंगची एक ठिणगी महिन्याच्या विणकामाचे नुकसान करू शकते.

या मालिकेतील काही जुन्या गाड्यांत पेट्रोलची टाकी सीटखालीच असते. अशा गाडीत टाकी, तिचे पाइप आणि तोंडाचे रबर नवे केल्याखेरीज कुशनचे काम घेऊच नये. हा मुद्दा पुढे कापडाच्या निवडीतही येणार आहे.

वाळवंटी साज म्हणजे काय?

वाळूच्या रंगाचे रेक्झिन लावले आणि दरवाजावर उंटाचे चित्र काढले, की साज झाला असे अनेकांना वाटते. खरा वाळवंटी साज 'सदू' या विणकामातून येतो. सदू हे बदू स्त्रियांचे काम. जमिनीवर आडवा माग मांडून, मेंढीची लोकर, उंटाचे व बकरीचे केस चातीवर कातून त्या विणतात. तंबूचे पडदे, उंटाच्या झोळ्या, गाद्या, लोड असे सारे यातून होई. लाल, काळा, पांढरा आणि तपकिरी हे त्याचे मुख्य रंग. पट्टे अरुंद असतात आणि मोठे कापड हवे असल्यास ते एकमेकांना शिवून जोडतात. मधल्या नक्षीदार पट्ट्याला 'शजरा' म्हणतात. उर्दू शिकलेल्या आमच्यासारख्यांना हा शब्द ऐकताच ओळखीचा वाटतो, कारण वंशावळीलाही आपण शजराच म्हणतो. मूळ अर्थ झाड.

अमिरातीतील सदू विणकामाला युनेस्कोने 2011 साली तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत घातले. 2020 साली सौदी अरब आणि कुवेत यांच्या सदूलाही वारसा म्हणून मान्यता मिळाली. तातडीची यादी याचा अर्थ असा, की जाणत्या विणकर स्त्रिया वयस्कर होत चालल्या होत्या आणि नव्या हातांना हे काम पुरेसे मिळत नव्हते. एखाद्या गाडीच्या सीटसाठी खरा सदू घेतला तर त्यातील पैसा या हातांपर्यंत जातो. छापील नक्कल घेतली तर जात नाही.

ताण्याची बाजू ओळखा

आपल्या विणकर बंधूंना सदूचा पोत समजायला घोंगडीपेक्षा वेगळे उदाहरण हवे. घोंगडीत ताणा आणि बाणा दोन्ही दिसतात. सदूत ताणा इतका दाट असतो की बाणा त्याखाली झाकून जातो. रंग आणि नक्षी सारी ताण्याची. म्हणून घासणीचा सर्व मार ताण्यावर येतो. शिवाय शजऱ्याच्या पट्ट्यात जे सूत नक्षीला नको असते ते मागच्या बाजूला सुटे तरंगते. सीटवर लावताना मागून जाड सुती कॅनव्हासचे अस्तर दिले नाही, तर ही सुटी सुते ओढली जातात आणि नक्षी बिघडते.

खरे-खोटे कसे ओळखावे?

बाजारात सदूच्या नावाने यंत्रावर विणलेले ॲक्रिलिक, पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीनचे कापड भरपूर मिळते. ते विकणे गुन्हा नाही, पण लोकर म्हणून विकणे ही फसवणूक आहे. परीक्षा सोपी आहे. काठाचे एक सूत काढून चिमट्यात धरून जाळावे. लोकर हळू जळते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. कृत्रिम सूत वितळते आणि त्याचा कडक मणी होतो.

ही परीक्षा केवळ किमतीसाठी नाही. लोकर सहज पेट घेत नाही आणि वितळून अंगाला चिकटत नाही. ॲक्रिलिक लवकर पेटते. सीटखाली पेट्रोलची टाकी असलेल्या गाडीत हा फरक जिवाचा आहे. अमेरिकेच्या नियमात गाडीच्या आतील कापडाची जळण्याची गती मिनिटाला 102 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. मोठे काम घेणाऱ्याने कापड पुरवणाऱ्याकडे अशा चाचणीचा दाखला मागावा.

ऊन हा मोठा शत्रू

अमेरिकेतील ॲरिझोना या वाळवंटी राज्यात उन्हाळ्यात उभ्या केलेल्या गाड्यांचे मोजमाप 2018 साली प्रसिद्ध झाले. तासभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत डॅशबोर्ड सरासरी 69 अंश सेल्सिअस आणि सीट 51 अंशांपर्यंत तापली होती. आखाताचे ऊनही काही कमी नाही. अशा उन्हात कच्चा लाल रंग लवकर उडतो. उन्हातील पक्केपणा 1 ते 8 अशा आकड्यांत मोजतात. 8 म्हणजे सर्वांत पक्का. गाडीसाठी 6 च्या खालचा माल घेऊ नये. आकडा मिळत नसेल, तर कापडाचा तुकडा अर्धा पुठ्ठ्याने झाकून महिनाभर उन्हात ठेवावा आणि दोन्ही अर्धे ताडून पाहावेत.

दोराही असाच निवडावा. सुती दोरा उन्हात कुजतो, नायलॉनही उन्हाने कमजोर होतो, पॉलिएस्टर जास्त टिकतो. चांगले कापड स्वस्त दोऱ्याने शिवले तर कापड शाबूत राहून शिवण उसवते, आणि नाव सीटवाल्याचे खराब होते.

सीट बांधण्याची रीत

पहिली गोष्ट, जुना सदू कापू नये. आजीच्या हातचा पट्टा घेऊन मालक आला, तर तो कापून सीटला ठोकण्याऐवजी पाठीवर सुटा घालता येईल असे आच्छादन करून द्यावे. कापल्यावर त्याची किंमतही जाते आणि आठवणही. सीटसाठी नवा पट्टा मापाने विणून घ्यावा.

कापड आल्यावर एक तुकडा मोजून भिजवावा, वाळवावा आणि पुन्हा मोजावा. जेवढे आटते तेवढे जास्त धरून ऑर्डर द्यावी. हातविणीचा कापलेला काठ लगेच सुटतो, म्हणून कापण्याआधी रेघेच्या दोन्ही बाजूंना शिलाई मारावी आणि शिवणीला किमान 2 सेंटिमीटर माया ठेवावी.

सदू फक्त बसण्याच्या मधल्या भागात आणि पाठीच्या मध्यावर लावावा. चढता-उतरताना घासणारे काठ चामड्याचे किंवा जाड कॅनव्हासचे करावेत. स्प्रिंगा तपासून, वर गोणपाट, त्यावर नमदा आणि मग घट्ट फोम द्यावा. मऊ फोम दुकानात बरा वाटतो, पण वर्षभरात खड्डा पडतो आणि लोकर सैल होऊन सुरकुतते. जुन्या गाडीत सीटबेल्ट नसेल, तर पत्र्याच्या मागे मजबूत पट्टी वेल्ड करून तो बसवण्याचा आग्रह मालकाला करावा.

पायाखाली काही चिकटवू नये. वाळू आत येणारच. खाली रबरी मॅट आणि वर सुटा गालिचा ठेवावा, म्हणजे झाडता येतो. गालिचा पेडलखाली सरकणार नाही असा हुकाने अडकवावा. पत्र्यावर तागाचा नमदा चिकटवला, की तो पाणी धरतो आणि नव्या पत्र्यालाही गंज लागतो. डॅशबोर्डचा वरचा भाग चकचकीत किंवा फिकट करू नये, त्याची सावली काचेत पडून चालकाला रस्ता दिसत नाही. गोंडे शोभेचे आहेत, पण गिअरच्या दांड्याला किंवा आरशाला लटकवू नयेत.

बिल स्वच्छ ठेवा

या कामात उंची माल आणि नक्कल यांत किमतीचे मोठे अंतर असते, म्हणून भांडणेही इथेच होतात. आमचा सल्ला असा, की बिलात कापड, फोम, चामडे आणि मजुरी वेगवेगळी लिहावी. कापडापुढे 'हातविणीची लोकर' किंवा 'यंत्राचे ॲक्रिलिक' असे साफ लिहावे. विणणाऱ्या बाईचे किंवा संस्थेचे नाव माहीत असेल तर तेही लिहावे. मालकाने पसंत केलेल्या नमुन्याचे दोन तुकडे करून एक त्याला द्यावा आणि एकावर त्याची सही घेऊन आपल्याकडे ठेवावा. लोकरीला कसर लागते हे आधीच सांगावे आणि दर काही महिन्यांनी झटकून ऊन-हवा देण्यास बजावावे.

ज्या मालकाचे बजेट कमी आहे त्याला यंत्राचे कापड जरूर द्यावे, पण त्याच नावाने द्यावे आणि पेटण्याची चाचणी झालेले द्यावे. सीटवाला खरे बोलला, तर तोच मालक आपल्या मित्राची गाडी घेऊन त्याच्याकडे येतो. गॅरेजच्या धंद्यात यापेक्षा स्वस्त जाहिरात दुसरी नाही.