पोलादावरची वेल

नाशिकच्या भांडी बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्या एका उस्तादांच्या हाताखाली मी कोरायला शिकलो. पुढे चांदीच्या ताटांवर आणि देवघरांवर वेलबुट्टी काढण्यातच आयुष्य गेलं. त्यामुळे जुन्या बंदुकीचं छायाचित्र पाहताना ती किती लांब मारते हे मला सुचत नाही. कलम कुठून निघालं, कुठे वळलं आणि हात कुठे थांबला, तेवढंच मी पाहतो.

अमेरिकेत 1880 नंतरची दोन दशकं बंदुकांवरच्या कोरीव कामाच्या बहराची. रेल्वे आणि बँका यांतून अमाप पैसा झालेल्यांनी तेव्हा खासगी वाफेच्या नौका, म्हणजे यॉट, बांधून घेतल्या. अशा नौकेवर पितळी तोफ असे. झेंडा चढवताना-उतरवताना ती डागायची, शर्यतीची सुरुवातही तिच्याच आवाजाने व्हायची. शिकारीच्या रायफली आणि मालकाचं रिव्हॉल्व्हर यांना मात्र खाऱ्या हवेची भीती. साधं पोलाद समुद्रावर लवकर गंजतं, म्हणून समुद्रावर न्यायच्या हत्यारांवर निकेलचा मुलामा पसंत केला जाई. त्या चकचकीत पृष्ठभागावर कोरलेली वेल फार उठून दिसते.

रेल्वेसम्राट जे गूल्डला न्यूयॉर्कच्या जुन्या यॉट क्लबने सदस्य करून घेतलं नाही. मग त्याने आणि इतर वाफेच्या नौकांच्या मालकांनी 1883 साली ‘अमेरिकन यॉट क्लब’ काढला. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या क्रॅम्प गोदीत त्याची ‘अटलांटा’ तयार झाली. 1892 साली गूल्ड गेला आणि नौका थोरल्या मुलाकडे, जॉर्जकडे आली. या जॉर्जसाठी सजवलेलं स्मिथ अँड वेसनचं .44 रिव्हॉल्व्हर आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. सजावट टिफनीची, दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्याच पेढीची. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातही टिफनीने चांदीने मढवलेली रिव्हॉल्व्हरं मांडली होती. चांदी माझ्या ओळखीची. ती मऊ आणि समजूतदार धातू आहे, कलमाला वाट देते.

पोलाद तशी वाट देत नाही. म्हणून कारागीर आधी बंदुकीच्या मऊ अवस्थेतल्या सांगाड्यावर कोरतात आणि कडक करण्याची भट्टी नंतर लागते. एका हातात छिन्नी, दुसऱ्यात छोटी हातोडी. टकटक करत छिन्नी पुढे सरकते आणि वळणावर कोरणाऱ्याचं मनगट फिरत जातं. बारीक छटा काढताना हातोडी बाजूला ठेवायची आणि तळव्याच्या जोरावर कलम ढकलायचं. वेलींमधल्या जागेत बारीक ठिपके ठोकले की ती जागा काळसर दिसते आणि पानं वर येतात. इथेच खरी परीक्षा होते. ठिपके एकसारखे नसतील तर सुंदर वेलही मळकट वाटते. खोल गेलेली रेघ तर पुसताच येत नाही.

हे हात बहुतेक जर्मनीहून आलेल्यांचे होते. गुस्ताव्ह यंग आधी कोल्ट या बंदूक कंपनीसाठी आणि नंतर स्मिथ अँड वेसनसाठी कोरायचे. न्यू हेवनच्या विंचेस्टर कारखान्यात उलरिक भावंडं होती: कॉनरॅड, हर्मन, जॉन. त्यांची सही क्वचितच सापडते. मालकाचं नाव ठसठशीत आणि कोरणाऱ्याचं गायब, हे माझ्या धंद्यातही असंच आहे आणि ते मला सलतं.

मालकांच्या नौकांची नावं मात्र टिकली नाहीत. गूल्डची ‘अटलांटा’ 1900 साली व्हेनेझुएलाला विकली गेली. ती ‘रेस्तौरादोर’ नावाची युद्धनौका झाली आणि डिसेंबर 1902 मधल्या नाकेबंदीत जर्मन आरमाराने ती पकडली. मेजवान्यांसाठी बांधलेल्या नौकेला असं दुसरं आयुष्य मिळालं. बँकमालक जे. पी. मॉर्गनची दुसरी ‘कॉर्सेअर’ही 1898 च्या स्पेन-अमेरिका युद्धात ‘ग्लॉस्टर’ होऊन सँटियागोच्या लढाईत लढली.

कोरणाऱ्याने नाव न घालता केलेलं काम ओळखायचं कसं, याचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये बंदुका कोरणाऱ्या एल. डी. निमश्के यांनी देऊन ठेवलंय. कोरलेल्या रेघांत शाई भरून ते कागद दाबत आणि उमटलेला ठसा वहीत चिकटवत. ती वही 1965 साली छापली गेली. आता एखादी सही नसलेली बंदूक समोर आली की अभ्यासक वहीतल्या ठशांशी तिच्या वेली ताडून पाहतात आणि निमश्केंचं काम त्यांच्या नावावर लागतं. आमच्या बाजारातल्या तरुण पोरांनाही मी हेच सांगतो: ताट गिऱ्हाइकाला देण्याआधी कागदावर ठसा घ्या, तारीख टाका, खाली नाव लिहा.