खडकातल्या पाण्याचा खुला हिशेब

चंद्रपूरच्या ऊर्जानगरात कोळसा, पाणी आणि वीज यांचे नाते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. 2,920 मेगावॅटचे महाऔष्णिक विद्युत केंद्र, त्याला पाणी पुरवणारे इरई धरण आणि वेकोलि या कोळसा कंपनीची दुर्गापूरची खुली खाण, सगळे हाकेच्या अंतरावर आहे. या साऱ्याखाली आहे तो गोंडवन काळातला वालुकाश्म. त्याच्या बराकर थरांत कोळसा आहे आणि वरच्या कामठी थरांत पाणी. हा दगड हातात घेतला तर घट्ट वाटतो, पण त्याच्या कणाकणांमध्ये पोकळी असते आणि त्या पोकळीतले पाणी वरचा भार काही अंशी पेलत असते.

खाण कोरडी ठेवायची तर पाणी उपसावे लागते. उपसा झाला की पाण्याचा दाब उतरतो आणि वरच्या थरांचे ओझे कणांवर येते. कण दाबले जातात, पोकळी आवळते, मग पाण्याची वाटही बदलते. कोळसा आपोआप पेटतो तेव्हा त्यात उष्णतेची भर पडते. कोळशातल्या पायराइटला हवा लागली तर पाणी आम्लधर्मी होऊ शकते. यातली एक गोष्ट हलली की बाकीच्या हलतात. म्हणून त्यांचे गणित सुटे सुटे मांडून चालत नाही.

हे गणित एकत्र मांडणाऱ्या मोजक्या खुल्या प्रणालींपैकी एक म्हणजे ‘ओपनजिओसिस’. 1980च्या दशकाच्या मध्यास जर्मनीत हॅनोव्हर विद्यापीठात ‘रॉकफ्लो’ या नावाने तिची सुरुवात झाली. आज तिचे मुख्य केंद्र लाइपझिगच्या हेल्महोल्ट्झ पर्यावरण संशोधन केंद्रात आहे. अणुकचरा हजारो वर्षे खडकात पुरून ठेवता येईल का, भूगर्भातली उष्णता काढली तर खडक किती थंड होईल, खाली सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथेच राहील का, अशा प्रश्नांसाठी ती वापरतात. जमिनीखालच्या खडकाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात उष्णता, पाणी, ताण आणि रसायन यांची समीकरणे ती सोडवते. तिचा कोड कुणालाही उतरवून घेता येतो, वाचता येतो, बदलता येतो. मूळ कर्त्यांचे श्रेय तेवढे राखावे लागते.

या जोडगणिताची गरज कशी पडते, हे नेदरलँड्समधल्या नोर्डबर्गम गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका परिणामातून नीट कळते. खालच्या थरातून पंपाने पाणी उपसायला सुरुवात केली की शेजारच्या थरातल्या विहिरींची पातळी आधी चक्क वाढते, मग उतरते. कारण उपशाने खालचा थर आकसतो आणि लगतच्या चिकणमातीसारख्या थराला दाबतो. तिथल्या पाण्याला लगेच निसटायला जागा नसते, म्हणून दाब चढतो. नुसता पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या साध्या गणितात हे कधीच दिसणार नाही, कारण त्याच्या लेखी दगड हलतच नाही.

दगड हलतो याचा पुरावा आपल्या जिल्ह्याला वेगळा द्यायला नको. ऑगस्ट 2022मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात, जुन्या भूमिगत खाणीच्या परिसरात, एक अख्खे घर जमिनीत गेले.

मला या प्रणालीत सर्वांत मोलाची वाटते ती तिची तपासणीची शिस्त. कोडमध्ये कुणी बदल सुचवला की शेकडो नमुना गणिते आपोआप पुन्हा सोडवली जातात. ज्यांची उत्तरे कागदावर किंवा प्रयोगशाळेत आधीच निघालेली आहेत, तीच ही गणिते. त्यांत एक लियाकोपुलोसचा 1960च्या दशकातला प्रयोग आहे. एक मीटर उंचीचा वाळूचा स्तंभ पाण्याने भरून खालून मोकळा करायचा आणि पाणी उतरताना आतला दाब बघायचा. संगणकाचे उत्तर या मोजणीशी जुळले नाही, तर बदल परत जातो.

खाणीलगतच्या शेतकऱ्याची विहीर आटते तेव्हा वाद होतो. पाऊस कमी झाला म्हणून, की उपशामुळे? अशा वादात एका बाजूने आणलेला बंद पेटीतला अहवाल दुसऱ्या बाजूला पटावा तरी कसा? कोड खुला असेल, खडकाचे आकडेही उघडे ठेवले असतील, तर तेच गणित नागपूरच्या व्हीएनआयटीच्या खाण विभागातला किंवा चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी आपल्या संगणकावर पुन्हा मांडू शकतो. दोघांचे उत्तर वेगळे आले तर नेमके कुठल्या गृहीतकापाशी, हे दाखवताही येते.

खरी अडचण आकड्यांची आहे. प्रणालीला दगडाची सच्छिद्रता, पाणी वाहू देण्याची क्षमता, त्याची ताठरता, प्रत्येक थराची जाडी, सगळे द्यावे लागते. भूजलाची नेहमीची नोंद निरीक्षण विहिरींतून साधारण वर्षातून चार वेळा होते. नोर्डबर्गमसारखा चढ मात्र उपसा सुरू झाल्यावर थोडाच वेळ टिकतो. तो पकडायचा तर खाणीच्या कडेला, वेगवेगळ्या थरांत उतरवलेल्या विंधन विहिरींमध्ये तासातासाला पातळी टिपणारी यंत्रे बसवावी लागतील, आणि त्यांच्या नोंदी ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनाही बघायला मिळाव्या लागतील. तेवढे झाले तर पुढचे गणित चंद्रपुरातच बसून सोडवता येईल, त्यासाठी परवान्याचा एक रुपयाही मोजावा लागणार नाही.